दोन गुंठे घराला, बाकी गावाला

तुकोबांची पालखी पाटसवरून रोटीच्या घाटाकडे निघते, त्या दिवशी गावाला मोकळ्या जागेची किंमत कळते. एरवी ती उकिरड्याची!

पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेने आता गुंठ्यागुंठ्याने जमीन विकली जाते. गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद. पाच एकरांचे 200 गुंठे. 40 घरांना पाच-पाच गुंठे दिले की जमीन संपली. रस्त्यालाही उरत नाही. तेच दोन-दोन द्या. घर, न्हाणी, दोन जनावरांचा गोठा त्यात बसतो. रस्त्यांना 30 गुंठे धरले तरी 90 शिल्लक राहतात. मग मैदान घ्या, झाडे लावा, पुढच्या पिढीच्या घरांना थोडी राखून ठेवा. "पण अंगण गेले की हो!" असे कोणी म्हणेल. गेले खरे. कडब्याची गंज दारात रचता यायची नाही. ती सामाईक जागेत, घरांपासून लांब रचावी. आगीच्या दृष्टीने तेच बरे.

मात्र ही जागा नुसती तोंडी ठेवू नये. नकाशावर तिची हद्द हवी. जुन्या गावठाणांची मोजणी 2020 सालच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने होते. त्या नकाशात चावडीपुढचे पटांगण कोठवर दाखवले आहे, हे शिक्षकांनी मुलांना बरोबर घेऊन, टेप धरून एकदा पडताळून पाहावे.