परक्या नगराचे कल्याण

मराठी घरात वाढलेल्या मनुष्याजवळ एखादी ओवी किंवा एखाद्या अभंगाचा चरण असा असतो की, तो आपण केव्हा पाठ केला हे त्याला सांगता येत नाही. लहानपणी तो कानांवरून जात राहिला, अर्थ कळण्यापूर्वीच जिभेवर बसला, आणि पुढे कधी प्रसंग ओढवला तेव्हा न बोलावता ओठांवर आला. ख्रिस्ती घरांत हेच स्थान पवित्र शास्त्रातील वचनाला असते. आमच्या अहमदनगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, शब्बाथ शाळेत दर आठवड्याला एक 'सोनेरी वचन' पाठ करावे लागे. नाताळात बक्षीस म्हणून मिळे तेही वचन छापलेले एखादे कार्डच. आमच्या स्वयंपाकघरात दिनदर्शिकेशेजारी असे एक कार्ड कित्येक वर्षे होते. त्यावर यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे वचन होते. तुमच्याविषयी माझ्या मनात जे आहे ते तुमच्या वाइटाचे नाही, भल्याचे आहे, तुम्हांला पुढे आशा आहे, असे परमेश्वर तेथे सांगतो. परीक्षेचा निकाल, मुलीचे लग्न, नवी नोकरी, अशा प्रत्येक उंबरठ्यावर ख्रिस्ती कुटुंबांत हेच वचन दिले-घेतले जाते.

आजच्या भाषणात मला मुख्यतः या एका वचनाविषयी आणि त्याच्या आधीच्या चार-सहा ओळींविषयी बोलावयाचे आहे.

वचनांना आकडे आहेत म्हणून ती सुटी करणे सोपे जाते. हे आकडे मूळ लेखकांचे नव्हेत. रोबेर एस्तियेन नावाच्या फ्रेंच मुद्रकाने १५५१ मध्ये नव्या कराराच्या आवृत्तीत वचनांना जे क्रमांक दिले, तेच पुढे रूढ झाले. उतारा शोधण्यास त्यांचा फार उपयोग होतो, यात शंका नाही. परंतु क्रमांक पडला की ओळ आपल्या शेजारापासून वेगळी होते, आणि वेगळी झालेली ओळ भिंतीवर टांगता येते. यिर्मयाचे हे वचन असेच उचलले गेले आहे. मुळात ते एका पत्रातील वाक्य आहे. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेम घेतले आणि तेथील राजा, सरदार, कारागीर यांना पकडून नेले. मागे राहिलेल्या यिर्मयाने त्या बंदिवानांना हे पत्र लिहिले. त्याच सुमारास हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा लोकांना सांगत होता की, दोन वर्षांत सारे पूर्ववत होईल. अशी माणसे सर्व काळी लोकप्रिय असतात. यिर्मया दोन वर्षे म्हणत नाही, सत्तर म्हणतो. म्हणजे ज्यांच्या हाती ते पत्र प्रथम पडले त्यांच्यापैकी बहुतेकांना परत जाण्याचा दिवस दिसणारच नव्हता. तोपर्यंत त्यांनी काय करावे? तो सांगतो, घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा. आणि सातव्या वचनात याहून अवघड गोष्ट सांगतो: ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच नगराचे कल्याण पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचे भले झाले तरच तुमचे भले होणार आहे. ते नगर म्हणजे ज्यांनी त्यांची घरे मोडली त्यांचे नगर, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

हे सातवे वचन कार्डावर छापलेले मी तरी पाहिले नाही. अकराव्याची गोडी सातव्याशिवाय हाती येत नाही, हे मला पुष्कळ उशिरा, आणि तेही महाराष्ट्राबाहेर कळले.

सरकारी नोकरीत बदलीच्या हुकमाला आम्ही थट्टेने हद्दपारी म्हणतो. बाबेलच्या बंदिवासाशी तिची तुलना करणे हास्यास्पद होईल. आम्हांला घरभाडे मिळते, प्रवासभत्ता मिळतो. तरीही २०१४ मध्ये सहकुटुंब चेन्नईस येऊन वेस्ट मांबलममध्ये बिऱ्हाड केले तेव्हा पहिले वर्ष मी मनाने नगरलाच होतो. आगगाडीच्या रुळांच्या पूर्वेस त्यागरायनगरची प्रचंड बाजारपेठ, आणि पश्चिमेस हे आमचे दाटीचे, सोवळ्याओवळ्याचे जुने वळण सांभाळणारे उपनगर. आर्य गौडा रस्त्यावर १९५४ पासून अयोध्या मंडपम् उभा आहे. तेथून पहाटे वेदपठण ऐकू येते. भस्म लावलेले वृद्ध आणि पाठ म्हणत जाणारे बटू यांच्यामधून मी कचेरीत जात असे. चेन्नईत ख्रिस्ती माणूस मुळीच नवलाचा नाही. उपनगरी गाडीने मांबलमहून तिसरे स्थानक सेंट थॉमस माउंट, आणि ख्रिस्ताचा शिष्य थोमा तेथेच मारला गेला अशी परंपरा आहे. तंजावूरहून आलेली मराठी घराणीही या शहरात आहेत. पण मराठी बोलणारा ख्रिस्ती दिसला की दोन्ही बाजूंचे लोक किंचित थबकत. माझाही मुक्काम मी मनाशी दोनच वर्षांचा धरला होता.

येथे एका रस्त्याचे नाव लेक व्ह्यू रोड आहे. तळे मात्र कोठे दिसत नाही. मांबलमचे मोठे तळे होते, त्याच्या जागेवर १९२० नंतरच्या काळात त्यागरायनगर वसविण्यात आले. तळे गेले, तरी पाण्याने आपली जागा लक्षात ठेवली असावी. १ डिसेंबर २०१५ रोजी चेन्नईवर जो पाऊस कोसळला आणि त्या रात्री अड्यार नदीला जो पूर आला, तो श्रोत्यांपैकी पुष्कळांस आठवत असेल. विमानतळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद पडला, आगगाड्या थांबल्या. आमच्या गल्लीत वीज गेली, फोन मुके झाले. नगरला वडील अंथरुणाला खिळलेले होते आणि त्यांची खबर मिळण्याचा मार्ग उरला नव्हता. कार्डावरचे वचन अर्थातच आठवले. खरे सांगावयाचे तर त्या अंधारात ते मला जरा पोकळ वाटले. भल्याचा संकल्प आहे म्हणतोस, मग हे काय आहे?

आम्ही पहिल्या मजल्यावर राहत होतो. खाली सत्तरी उलटलेले एक पुरोहित आणि त्यांच्या पत्नी राहत. तेथील रीतीप्रमाणे आम्ही त्यांना मामा आणि मामी म्हणत असू. तोवरचा आमचा संबंध जिन्यातल्या नमस्कारापुरता होता. रात्री पाणी त्यांच्या उंबऱ्यावरून आत आले, तेव्हा माझी पत्नी खाली गेली आणि दोघांना वर घेऊन आली. मी मागून त्यांच्या पोथ्यांचे गठ्ठे आणले. चार रात्री ती दोघे आमच्याकडे होती. स्वयंपाकाचा प्रश्न होता, तो दोघी स्त्रियांनी फार न बोलता सोडविला. खिडकीकडचा ओटा घासूनपुसून मामींसाठी मोकळा केला, त्यांचा स्टो तेथे ठेवला, आणि पावसाचे पाणी भरलेली एक घागर निराळी ठेवली. यात कोणाला कमीपणा वाटला नाही. वाटला असता तर माझ्या मते तो आमचाच दोष ठरला असता. दोरीवर एकीकडे भिजलेल्या पोथ्यांची पाने व दुसरीकडे आमच्या मुलांचे कपडे वाळत असत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा गच्चीवरून संध्या आटोपून आले. मी शास्त्र वाचीत बसलो होतो. काय वाचता, असे त्यांनी विचारले. मी यिर्मयाच्या पत्रातील पाचव्यापासूनच्या ओळी माझ्या मोडक्या तमिळमध्ये, अडले तेथे इंग्रजीत, त्यांना सांगितल्या. घरे बांधा म्हणतो, मळे लावा म्हणतो, नगराचे कल्याण पाहा म्हणतो. ते ऐकून ते हसले. म्हणाले, "आम्ही कावेरीकाठच्या गावाहून दोन वर्षांसाठी म्हणून आलो, सार. पंचावन्न वर्षे झाली." एवढे बोलून ते पोथीची पाने उलटीसुलटी करू लागले.

त्या दिवशी मला वडिलांची बातमी मिळाली नाही. ती आणखी दोन दिवसांनी मिळाली, आणि ती बरी होती. ती वाईट असती तरी वचन खोटे ठरले नसते, असे मी आज म्हणतो. कारण ते वचन माझ्या एकट्याच्या कुटुंबाच्या कुशलतेची हमी म्हणून लिहिलेलेच नाही. ते 'तुम्ही' असे अनेकवचनी बोलते. आणि गंमत अशी की, मूळ इब्री भाषेत सातव्या वचनात नगराच्या कल्याणासाठी जो 'शालोम' शब्द तीनदा आला आहे, तोच अकराव्यात परमेश्वराच्या संकल्पाविषयी बोलताना पुन्हा येतो. एकाच धाग्याची दोन टोके आहेत ही. खाली पाणी शिरलेल्या शेजाऱ्याचा शालोम आणि माझा शालोम वेगळे काढता येत नाहीत. कार्ड छापणाऱ्याने कात्री चालविली ती नेमकी त्या धाग्यावर.

वचन आणि जीवन यांचा हा संबंध आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत मोठमोठ्या माणसांच्या चरित्रांत दिसतो. पंडिता रमाबाई लहानपणी आईवडिलांबरोबर याच दक्षिण देशात तीर्थयात्रा करीत हिंडल्या. मद्रास इलाख्यातील दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि बहीण ही एकामागून एक गेली. संस्कृत विद्या त्यांना मुखोद्गत होती. पाठांतराची महती त्यांना कोणी शिकवावयाची नव्हती. पुढे इंग्लंडात असताना फुलहॅम येथे समाजाने पतित म्हणून दूर लोटलेल्या स्त्रियांची सेवा चालते ती त्यांनी पाहिली. अशा स्त्रियांशी ही माणसे इतक्या मायेने का वागतात, असा प्रश्न त्यांना पडला. उत्तर म्हणून एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला. त्यात विहिरीवर पाणी भरण्यास आलेल्या शोमरोनी स्त्रीजवळ येशू पाणी मागतो आणि तिच्याशी बोलत बसतो. रमाबाईंनी हे स्वतःच लिहून ठेवले आहे. येथील क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी कृती डोळ्यांना दिसली, मग प्रश्न उठला, आणि मग वचन आले. १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्या अध्यायाचा खरा अर्थ पाहावयाचा असेल तर केडगावचे मुक्ती सदन पाहावे, जेथे दुष्काळातून वाचविलेल्या शेकडो मुली आणि विधवा राहिल्या. इब्री आणि ग्रीक शिकून, साध्या बाईमाणसाला समजेल अशा मराठीत सबंध शास्त्राचे भाषांतर करण्यात त्यांची अखेरची वर्षे गेली. १९२२ मध्ये त्या निवर्तल्या आणि १९२४ मध्ये तो ग्रंथ बाहेर पडला.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची हकीकत याहून परिचित आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. मत्तयाच्या पाचव्या अध्यायापासूनचे डोंगरावरील प्रवचन वाचू लागल्यावर ते पुस्तक त्यांच्याने खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु त्या प्रवचनाने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी सातारा येथे 'देवाचा दरबार' सुरू केला आणि संन्यस्त वृत्तीने राहू लागले. अपरिग्रहाची ती वचने आगगाडीत वाचल्यापासून त्यांचा पूर्ण आकार येण्यास वीसहून अधिक वर्षे लागली. गाडीतील भेटीची गोष्ट आपण रंगवून सांगतो. मधली वर्षे मात्र वगळतो. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त ती वर्षे वगळली नाहीत, हे त्यांचे आपल्यावर ऋण आहे.

पाठांतराला कमी लेखण्याची हल्ली चाल आहे. अयोध्या मंडपम् वरून जाता-येता माझे मत उलट होत गेले. त्या बटूंना ऋचांचा अर्थ आज कळत नसेल. मलाही शब्बाथ शाळेत बाबेल कोठे आहे हे ठाऊक नव्हते. पण कोठारात काही भरलेलेच नसेल तर पुराच्या रात्री बाहेर काय येणार? फक्त पाठ करणाऱ्या मुलाला कोणी तरी वचनाच्या मागची-पुढची दोन वचनेही वाचून दाखवावीत, एवढेच माझे मागणे आहे.

मामा आता हयात नाहीत. आमची दोन वर्षे केव्हाच उलटली. बदलीचा अर्ज मी पुन्हा केला नाही. रविवारी आम्ही एका तमिळ मंडळीत उपासनेस जातो. तमिळ भाषेत नवा करार छापण्यास आरंभ १७१४ मध्ये तरंगंबाडी येथे झाला, म्हणजे सेरामपूरला विल्यम केरींनी १८०५ मध्ये मराठीत मत्तयाचे शुभवर्तमान काढले त्याच्या सुमारे नव्वद वर्षे आधी. त्या जुन्या वळणाच्या तमिळ शास्त्रात यिर्मयाच्या सातव्या आणि अकराव्या, दोन्ही वचनांत इब्री 'शालोम'साठी 'समाधानम्' हाच शब्द आहे. तेथे त्याचा अर्थ शांती, सलोखा असा आहे, तृप्ती असा नव्हे. पाळक तो उतारा वाचतात तेव्हा माझा मराठी कान आधी आपला अर्थ घेतो, आणि क्षणभराने त्यांचा.