कमान नको, शिक्षक द्या



मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला फिजिक्स शिकवणारे सर तासिका तत्त्वावर होते. जितके तास, तितके पैसे. सुट्टीत काहीच नाही. सकाळी आमच्याकडे, दुपारी दुसऱ्या कॉलेजात. त्यांच्यामुळे मला विषय आवडू लागला. दुसऱ्या वर्षी एक शंका घेऊन गेलो, तर सर कोचिंग क्लासला निघून गेले होते.

आज माजी विद्यार्थी जमले की कॉलेजला काय द्यायचं यावर चर्चा होते. वॉटर कूलर, प्रोजेक्टर, प्रवेशद्वाराची कमान. त्यावर नावाची पाटी लागते ना! माझं म्हणणं एवढंच, की आपण विज्ञानाच्या शिक्षकाची कायम जागा द्यावी.

हे स्वप्नरंजन नाही. १९१७ मध्ये सी. व्ही. रामन सरकारी हिशेब खात्यातली नोकरी सोडून कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले. ते पद तारकनाथ पालित या वकिलांच्या देणगीतून निर्माण झालं होतं. १९३० मध्ये रामन यांना नोबेल मिळालं. आपल्या मुंबईत वाढलेले, 'सिप्ला'चे डॉ. युसूफ हमीद केंब्रिजला रसायनशास्त्र शिकले. २०१८ मध्ये त्यांच्या देणगीतून तिथलं १७०२ पासूनची परंपरा सांगणारं रसायनशास्त्राचं प्राध्यापकपद कायमचं सुरक्षित झालं.

तुम्ही म्हणाल, आपण कुठे हमीद? मग हिशेब करू. एका शिक्षकाचा वर्षाचा खर्च १२ लाख धरा. ठेवीवर ७ टक्के मिळाले, तर ४ टक्के पगाराला वापरायचे आणि ३ टक्के महागाईसाठी मुद्दलात परत टाकायचे. म्हणजे मुद्दल लागेल ३ कोटी. ५०० माजी विद्यार्थ्यांनी महिना १,००० रुपये पाच वर्षं दिले, की ३ कोटी होतात.

मूळ मालमत्तेला हात लावायचा नाही, उत्पन्न लोकांच्या कामी लावायचं, ही वक्फची कल्पना आपण लहानपणापासून ऐकली आहे. वक्फच्या कितीतरी जमिनींचं पुढे काय झालं, तेही ऐकलं आहे. म्हणून तीन अटी हव्यात. हिशेब दरवर्षी सर्वांसमोर मांडला जावा. निवड जाहिरात देऊन, गुणवत्तेवर व्हावी. देणगीदाराने नाव सुचवायचं नाही, 'आपला माणूस' तर मुळीच नाही. आणि ही जागा जादाची असावी. सरकारने भरायच्या रिकाम्या जागा आपल्या देणगीने झाकल्या जाऊ नयेत. त्या भरण्याची मागणी आपण करतच राहायची.

आमच्या बॅचच्या ग्रुपवर मी हा हिशेब टाकला. आतापर्यंत अकरा जण तयार आहेत. ५०० पासून आम्ही खूप लांब आहोत, हे मला कळतं. पण पुढच्या वर्षी शंका घेऊन येणाऱ्या मुलीला तिचे सर त्याच खोलीत भेटायला हवेत. तुमच्या कॉलेजातही कुणीतरी पहिला मेसेज टाका.