दमसासाचा हिशेब



अध्यक्षपदाचा मान दिल्याबद्दल आभार मानण्याचा उपचार मी एका वाक्यात आटोपतो, कारण डॉक्टर, क्रीडाशिक्षक व प्रशिक्षकांच्या या परिषदेसाठी रोडपालीची निवड करून संयोजकांनी, जाणूनबुजून असो वा योगायोगाने, माझ्या प्रास्ताविकाचे अर्धे काम आधीच करून ठेवले आहे. याच रोडपालीत नवी मुंबई पोलिसांचे मुख्यालय आहे, आणि भरतीच्या मोसमात त्याच्या मैदानावर गावोगावचे उमेदवार पहाटेपासून रांगा लावतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, आणि दोघांनाही 100 मीटर धाव व गोळाफेक. दुसऱ्या अंगाला कळंबोलीचा लोखंड बाजार पसरला आहे, जिथे लोहाचे ढीगच्या ढीग ट्रकांतून उतरतात आणि चढतात. इतक्या लोहाच्या शेजारी धावणाऱ्या मुलींच्या रक्तात मात्र त्याच धातूची वानवा असावी, ही विसंगती आपल्यापैकी कुणाला हसण्यावारी नेता येईल असे मला वाटत नाही.

भरतीपूर्व सरावाच्या कोणत्याही मैदानावर हे दृश्य दिसते. शंभर मीटरच्या पट्ट्यात जी मुलगी पहिल्या तिघींत येते, तीच आठशेच्या धावेत पहिली फेरी सर्वांच्या बरोबरीने काढते आणि दुसऱ्या फेरीच्या वळणावर एकाएकी मागे पडते. खांदे कानांकडे चढतात, पोटऱ्या भरून येतात, ओठ पांढुरके दिसू लागतात, आणि घड्याळ धरून उभे असलेले सर ओरडतात, ‘अगं, जोर लाव, मनाने हरू नकोस!’ मन हरलेले नसते. हरलेले असते ते रक्त, आणि त्याचा दाखला त्या मुलीच्या दोन धावांच्या तफावतीतच लिहिलेला असतो; तो वाचण्याची सवय आपल्याला नाही, एवढेच.

हीच तफावत सबंध जगाने 1968 साली मेक्सिको शहरात पाहिली. समुद्रसपाटीपासून 2240 मीटर उंचीवरच्या त्या ऑलिम्पिकमध्ये बॉब बीमनने 8.90 मीटरची उडी घेतली, कमी अंतराच्या शर्यतींत विक्रम कोसळले, आणि दहा हजार मीटरची शर्यत मात्र केनियाच्या नफ्ताली तेमूने 29 मिनिटे 27 सेकंदांत जिंकली, म्हणजे रॉन क्लार्कच्या तत्कालीन विश्वविक्रमापेक्षा पावणेदोन मिनिटे उशिरा. खुद्द क्लार्क सहावा आला आणि रेषेपलीकडे शुद्ध हरपून पडला. हवेतला प्राणवायूचा वाटा तिथेही एकवीस टक्केच होता. घटला होता तो हवेचा दाब, आणि दाब घटला की फुप्फुसातून रक्तात शिरणारा प्राणवायूही घटतो. विरळ हवेचा अडथळा कमी म्हणून चपळांची चांदी झाली आणि दमदारांचा दम तुटला. आपल्या मुलीच्या पदरी यातले फक्त दुसरे फळ पडते.

हिशेब अगदी सरळ आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे 1.34 मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन 12 आहे तिच्या दर शंभर मिलिलिटर रक्तात सोळा मिलिलिटर प्राणवायू मावतो. 9 असेल तर बारा. म्हणजे हृदयाने तितकेच रक्त फेकले तरी माल एक चतुर्थांशाने कमी पोचतो. मेक्सिकोच्या उंचीवर कसलेल्या धावपटूची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता जेवढी घसरते, त्याहून ही तूट बहुधा मोठीच असते, आणि ती सोसणारी मुलगी खाडीकाठच्या सपाट जमिनीवर धावत असते. शंभर मीटरला स्नायू आपल्या साठ्यावर निभावून नेतात. आठशेला निम्म्याहून अधिक भार प्राणवायूवर येतो, म्हणून बिंग दुसऱ्या फेरीत फुटते.

एरवी ते फुटत का नाही, असा प्रश्न एखादा चौकस प्रशिक्षक विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे. शरीर मोठे हिकमती आहे: विश्रांतीच्या वेळी हृदय थोडे जलद चालते, हिमोग्लोबिन ऊतींपाशी प्राणवायू जरा सढळ हाताने सोडते, आणि मुलगी घरकाम, कॉलेज, लोकलची धावपळ सारे काही निर्वेधपणे करीत राहते. त्यातून कोविडच्या साथीत घरोघर आलेल्या ऑक्सिमीटरने एक नवाच गैरसमज रुजवला आहे; बोट चिमट्यात धरले, 98 आकडा दिसला, की सर्वांची खातरजमा होते. ते यंत्र एसटीतली बाके भरलेली आहेत की नाहीत एवढेच सांगते. आगारात गाड्या किती, हे त्याला ठाऊक नसते.

उंचीवरच्या सरावाचे अप्रूप आपल्याकडे अलीकडे फार वाढले आहे, आणि ते निराधार आहे असे मी म्हणणार नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे, जे लष्करात असताना सियाचीनलाही राहून आले, त्यांनी 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये 8 मिनिटे 11.20 सेकंदांची वेळ देऊन रौप्यपदक मिळवले; त्यापूर्वी ते अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या उंचीवर सराव करीत होते. विरळ हवेत मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन अधिक सोडतात आणि अस्थिमज्जा तांबड्या पेशी वाढवते, हे खरे. परंतु त्या पेशी घडवायला लोह लागते, आणि लोहाचे कोठार रिकामे असेल तर उटीला पाठवलेला धावपटू थंडी खाऊन परत येतो. महाराष्ट्रात तर सर्वांत उंच कळसूबाई, तीही 1646 मीटर. ज्यांच्याजवळ डोंगर नाही त्यांनी डोंगराचा ध्यास घ्यावा आणि रक्ताची साधी तपासणी राहून जावी, हा प्राधान्यक्रम मला उफराटा वाटतो.

तूट येते कुठून? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. पुरुषांत हे प्रमाण 22 टक्क्यांच्या आसपास. एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते, त्यामुळे दरमहाच्या पाळीचा खर्च मुलीच्या खात्यातून निमूटपणे वळता होतो. भाकरी-पालेभाजीतले लोह आतड्यातून मुळातच कमी शोषले जाते, आणि जेवणाला लागूनच चहा घेतला तर आणखी कमी. शिवाय धावण्याचीही स्वतःची पट्टी आहे: टाच आपटून काही पेशी फुटतात, घामातून थोडे लोह जाते, आणि कष्टाच्या सरावानंतर काही तास यकृत हेप्सिडिन सोडून लोहाचे दार लोटून घेते. म्हणून गोळी द्यायची वेळ आणि दिवसाआड द्यायची पद्धत यांवर दुपारी जे निबंध आहेत ते लक्षपूर्वक ऐकावेत. एक सावधगिरी मात्र सांगतो. नियमित धावणाऱ्याच्या रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, त्यामुळे हिमोग्लोबिनचा आकडा किंचित खाली दिसला तरी तो आजार नसतो. फेरिटिन, म्हणजे लोहाच्या कोठाराचा दाखला, पाहिल्याशिवाय निवाडा करू नये. नंदुरबार-गडचिरोलीकडच्या मुलांमुलींत सिकलसेलचीही तपासणी हवीच. त्या आजारात लोहाच्या गोळ्यांनी प्रश्न सुटत नाही.

रक्तक्षयाच्या संशोधनात मुंबईचे स्थान मोठे आहे, हे जाता जाता आठवावे. 1928 च्या सुमारास लुसी विल्स नावाची इंग्रज वैद्या इथे आली, गिरणीकामगार घरांतल्या गरोदर स्त्रियांचा रक्तक्षय तिने तपासला, आणि यीस्टच्या साध्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, तो बरा होतो असे दाखवले. पुढे ज्याला फॉलिक अॅसिड म्हटले गेले त्याचा माग तिथून लागला. त्या स्त्रियांच्या ताटात काय पडते हे तिने पाहिले, ही तिच्या पद्धतीची खुबी.

आता परिषदेपुढच्या रक्ततपासणीच्या मसुद्याविषयी. भरतीच्या किंवा स्पर्धेच्या किमान तीन-चार महिने आधी प्रत्येक सराववर्गात हिमोग्लोबिन मोजावे, हे कलम सर्वांना मान्य आहे. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, तेव्हा आठवडाभर आधीच्या धावाधावीने काही साधत नाही. मतभेद आहे तो नोंदवहीविषयी. काही सहकाऱ्यांच्या मते मुलींच्या हिमोग्लोबिनची यादी मैदानावर लावावी, म्हणजे मुली गोळ्या घेण्यात हयगय करणार नाहीत. मी त्याच्या साफ विरुद्ध आहे. तो आकडा फळ्यावर चढला की निवड समितीपाशी, शेजाऱ्यांपाशी आणि स्थळ पाहायला येणाऱ्या पाहुण्यांपाशी पोचायला वेळ लागत नाही, आणि दुसऱ्या वर्षी मुली तपासणीलाच येणार नाहीत. नोंद त्या मुलीकडे आणि तपासणाऱ्या डॉक्टरकडे राहावी, प्रशिक्षकाला तिच्या संमतीने फक्त सरावाचा भार किती ठेवावा एवढे कळवावे, अशी दुरुस्ती मी अध्यक्ष या नात्याने नव्हे, सभासद या नात्याने दुपारच्या सत्रात मांडणार आहे. तिला अनुमोदक हवा आहे.