निवृत्तीनंतरचे अध्ययन



पेन्शन सुरू झाली की वाचू, असे महालातले आम्ही सारेच म्हणतो. पुढे वर्तमानपत्रापलीकडे आमची मजल जात नाही. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी १८९३ साली जन्मले. वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांचा ग्रंथ आला १९६३ साली, सत्तरीत. शिलाहारांचा १९७७ साली, चौऱ्याऐंशीच्या घरात! नोकरीच्या धबडग्यात एवढे काम व्हायचे कसे? ताम्रपटातले झिजलेले एकेक अक्षर लावायचे, मग दान दिलेले गाव नकाशावर शोधायचे. वाकाटकांचे नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे आपले नगरधनच. तहसील कचेरीत हयात घालविलेल्यांना तर गावांची नावे तोंडपाठ! त्यांनी ब्राह्मी लिपी शिकायला काय हरकत आहे? गिरवायला नातवाची पाटी पुरते.