गिरगावातली चाळ

गिरगावच्या चाळीत दार लागतं ते रात्री झोपतानाच. दिवसभर गॅलरी हीच बैठक. संडास मजल्याच्या टोकाला, सामायिक. सकाळी बादली रांगेत ठेवून माणूस खुशाल दात घासतो. केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. चाळींची भाडी इतकी कमी का, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं ती गोठवली. मालकांनी मग डागडुजीतून हात काढून घेतला, आणि गॅलरीला लाकडी टेकू लागले. आता अशा उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारतींची दुरुस्ती म्हाडाच्या मंडळाकडे आहे. चाळीतली मुलं डोंबिवली-विरारला राहायला गेली. गणपतीत मात्र सगळी त्याच खोलीत झोपायला येतात, आणि कुणाची तक्रार नसते. निदान पहिले दोन दिवस तरी!