करारावर सही करण्यापूर्वी

(उद्यमबाग येथील कामगार मेळाव्यात मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



पहिली पाळी संपवून, घरी न जाता आपण थेट येथे आलात, त्याबद्दल प्रथम आपले आभार. आज हारतुरे नाहीत, सत्कार नाहीत. उद्यमबागेतील काही कारखान्यांत पगारवाढीचे प्रस्ताव आले आहेत आणि येत्या रविवारी आपल्याला त्यावर मत द्यायचे आहे. ‘घ्यायचे की फेटाळायचे?’ हा एकच प्रश्न गेले पंधरा दिवस चहाच्या गाड्यावर आणि खानापूर रोडच्या बस थांब्यावर ऐकू येतो आहे. तरुण पोरे म्हणतात, फेटाळा. निवृत्तीला आलेले म्हणतात, पदरात पडले ते पवित्र झाले. बाप फौंड्रीत, मुलगा सीएनसीवर आणि जेवताना दोघांची तोंडे दोन दिशांना, अशी घरेही आम्ही पाहिली.

आम्ही आज कोणाला पाडायला किंवा कोणाला चढवायला आलेलो नाही. पण एक चूक आम्ही स्वतः केली आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे बोलणे योग्य होणार नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही ज्या कारखान्यात होतो, तेथे असाच करार झाला. आकडा मोठा होता. गेटवर गुलाल उधळला, कुंदा वाटला, पुढाऱ्यांना खांद्यावर घेतले. करार सहा पानांचा आणि इंग्रजीत. आम्ही शेवटच्या पानावर सह्या केल्या. दुसऱ्या महिन्यात पगाराची चिठ्ठी हातात आली तेव्हा कळले की वाढीतला निम्मा भाग उत्पादनाच्या आकड्याला बांधलेला होता, आणि तो आकडा जुन्या मशीनवर गाठणे शक्यच नव्हते. ते कलम चौथ्या पानावर होते. कोणी फसवले असे म्हणणार नाही. कागद समोर होता, आम्हीच वाचला नव्हता. तेव्हापासून आमचे म्हणणे एवढेच आहे, की करार आकड्यावर ठरत नाही, कलमांवर ठरतो. आणि ‘हो’ असो वा ‘नाही’, ते कागद वाचून म्हटलेले असावे.

तुम्ही म्हणाल, आम्ही अडाणी म्हणून असे होते. तसे नाही. सांबऱ्याला उतरणारे विमान आपण रोज पाहतो. ते चालवणारा पायलट शिकलेला, इंग्रजीत बोलणारा, पगार आपल्या कितीतरी पट. त्याच्यावरही हीच वेळ येते. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे आली आणि एप्रिल २०२३ मध्ये कंपनीने पायलटांपुढे नवा वेतन करार ठेवला. पायलटांच्या दोन संघटनांनी सभासदांना सांगितले, सही करू नका. भांडण कशावरून होते? वरचा आकडा कमी दिसतो म्हणून नव्हे. पायलटाच्या कमाईत उड्डाणाच्या तासांवर मिळणाऱ्या भत्त्याचा मोठा वाटा असतो. पूर्वी महिन्याला ७० तासांच्या भत्त्याची हमी होती, ती नव्या करारात ४० तासांवर आली. म्हणजे विमान कमी उडाले तर झळ कोणाला, हा प्रश्न होता. दुसरी तक्रार हुद्द्याची. अनुभवी कॅप्टनांना वरचे पद देऊन व्यवस्थापनाच्या बाजूला नेले तर ते ‘कामगार’ राहतात का, आणि संघटनेचे काय होते, असे पायलट विचारत होते.

शेवटी काय झाले? करार एकेका पायलटासमोर स्वतंत्र ठेवला गेला होता. मुदत होती. संघटना ‘नको’ म्हणत असतानाच एकेकाने सही केली आणि बहुतेकांनी तो मान्य केला. त्यांना आम्ही नावे ठेवत नाही. घर, कर्ज, मुलांची फी त्यांनाही असते. पण एकत्र म्हटलेला ‘नाही’ आणि एकट्याने केलेली सही यांत कोण जिंकते, ते त्यातून दिसले.

आता हे आपल्या शेडमध्ये आणून पाहा. ७० तासांच्या जागी पाळीचे नग ठेवा, कॅप्टनच्या जागी वीस वर्षे मोल्डिंग केलेला आपला माणूस ठेवा. त्याला ‘सुपरवायझर’ असा हुद्दा देतात, घरी पेढे येतात. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे, देखरेखीचे काम करणारा आणि १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा माणूस ‘कामगार’ या व्याख्येबाहेर जातो. पुढच्या कराराशी त्याचा संबंध उरत नाही. हुद्दा घेऊ नका असे आमचे म्हणणे नाही. घेताना एवढे माहीत असावे.

निपाणीच्या आपल्या माताभगिनींना हे आपल्या आधी कळले होते. तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळण्याच्या कामात राबणाऱ्या त्या बायकांनी १९८० च्या सुमारास प्रा. सुभाष जोशी यांच्याबरोबर संघटना बांधली. विडीची मजुरी हजार विड्यांच्या दराने ठरते. दर वाढला की पुरुषमंडळी खूश होतात. पण बाई आधी विचारते, तपासणीत किती विड्या बाजूला काढणार? पाने किती देणार? दर वाढवून तपासणी कडक केली, तर वाढ एका हाताने दिली आणि दुसऱ्या हाताने घेतली. शाळा न पाहिलेल्या बाईला कळणारा हा हिशेब आपल्यालाही कळलाच पाहिजे.

म्हणून थोडा हिशेब येथेच करू. समजा, प्रस्ताव आहे: ‘तीन वर्षांत ४,५०० रुपयांची वाढ’. पहिल्या वर्षी २,०००, दुसऱ्या वर्षी आणखी १,५००, तिसऱ्या वर्षी १,०००. तीन वर्षांत हातात येतात १ लाख २० हजार. हेच ४,५०० पहिल्या महिन्यापासून मिळाले असते तर १ लाख ६२ हजार झाले असते. बोर्डावरचा आकडा तोच, पण फरक ४२ हजारांचा.

दुसरे, ही वाढ मूळ पगारात आहे की भत्त्यात? ग्रॅच्युइटी मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर निघते. दर वर्षाच्या सेवेला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. मूळ पगारात १,००० रुपये वाढले आणि २५ वर्षे सेवा झाली, तर निवृत्त होताना सुमारे १४,४०० रुपये जास्त मिळतात. प्रॉव्हिडंट फंडाचेही तसेच. नव्या वेतन संहितेने भत्ते निम्म्याहून जास्त फुगवण्याला आळा घातला आहे, पण निम्म्याच्या आत काय कुठे टाकले हे पाहावेच लागते.

तिसरे, थकबाकी कोणत्या तारखेपासून? जुना करार संपून आठ-दहा महिने झाले असतील, तर त्या महिन्यांचे काय? आणि चौथे, कंत्राटावरच्या पोरांना यात काही आहे का? आज ते बाहेर राहिले तर उद्या त्यांच्याच कमी पगाराकडे बोट दाखवून आपली वाढ रोखली जाईल.

आता ‘नाही’ म्हणण्याबद्दल. येथे तरुण मित्रांनी रागावू नये.

महाराष्ट्रातील एसटीचा संप आपल्या सर्वांच्या आठवणीत आहे. बेळगावच्या स्टँडवर लाल गाड्या यायच्या बंद झाल्या होत्या. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस पेटलेल्या त्या संपात मुख्य मागणी होती महामंडळाच्या शासनात विलीनीकरणाची. २४ नोव्हेंबरला सरकारने पगारवाढ जाहीर केली: दहा वर्षांपर्यंत सेवा असलेल्यांच्या मूळ वेतनात ५,०००, दहा ते वीस वर्षांवाल्यांना ४,००० आणि वीस वर्षांच्या वर असलेल्यांना २,५००. आझाद मैदानावर पुढे असलेल्या दोन आमदारांनी दुसऱ्या दिवशी माघार घेतली. कामगारांनी घेतली नाही. पाच महिने उलटले. निलंबने झाली, बडतर्फी झाली, काहींनी जीवही दिला. ७ एप्रिल २०२२ रोजी उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत कामावर हजर होण्यास सांगितले आणि लोक परतले. विलीनीकरण मिळाले नाही.

मग नोव्हेंबरमध्येच घ्यायला हवे होते का? हे इतके सोपे नाही. वीस वर्षे स्टिअरिंग धरलेल्या ड्रायव्हरला सर्वांत कमी वाढ, हा त्या प्रस्तावातला सल खरा होता. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा दोन दिवस गाड्या थांबल्या, तेव्हा एप्रिल २०२० पासून सरसकट ६,५०० रुपयांची वाढ मान्य झाली आणि ती दरी बऱ्याच अंशी भरली. म्हणजे पाच महिन्यांच्या संपाने जे झाले नाही, ते नेमक्या मागणीच्या दोन दिवसांच्या संपाने झाले. वेळही निवडणुकीची होती, हे खरे. पण मागणी काय, किती आणि ती मिळाल्यावर थांबायचे कुठे, हे स्पष्ट असले की ताकद वाढते, असे आम्ही त्यातून शिकलो.

१९८२ चा मुंबईचा गिरणी संप येथील किती घरांनी सोसला ते सांगायला नको. खानापूर-चंदगडची माणसे तेव्हा गिरणगावात होती. १८ जानेवारीला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप कोणी कधी रीतसर मागे घेतलाच नाही. मागणी खोटी नव्हती. परतीची वाट कोणी आखली नव्हती.

आपलाही हिशेब करा. महिना १८,००० घेणारा माणूस साडेपाच महिने घरी बसला तर ९९ हजार गेले. त्यातून महिन्याला १,५०० जास्त मिळाले, तरी गेलेले भरून यायला साडेपाच वर्षे लागतात. तोवर पुढच्या कराराची वेळ येते. शिवाय नव्या संहितेप्रमाणे संपाला चौदा दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. रागाच्या भरात एक दिवस बसलो, असे आता म्हणता येत नाही.

तर मग करायचे काय? आमचे मत विचाराल तर, आकडा बरा आहे म्हणून घेऊ नका आणि राग आला म्हणून फेटाळू नका. खटकणारी कलमे शोधा, त्यांच्यासमोर आपली कलमे लिहा आणि प्रस्ताव दुरुस्तीसह परत पाठवा. ‘नामंजूर’ या एका शब्दापेक्षा ‘या तीन दुरुस्त्यांसह मंजूर’ हे उत्तर मालकालाही टाळायला जड जाते. करार शक्यतो सलोखा अधिकाऱ्यासमोर करा. तसा झाला तर तो कारखान्यातील सर्वांना, पुढे लागणाऱ्यांनाही बांधतो. खासगीत झालेला फक्त सही करणाऱ्या पक्षांना. मतदान चिठ्ठीने घ्या. हात वर करताना शेजाऱ्याकडे पाहिले जाते, चिठ्ठी लिहिताना घराकडे पाहिले जाते.

आणि शेवटची गोष्ट, जी सांगण्यासाठी मंडळाने हा मेळावा घेतला. करार आपल्या भाषेत मागा. येथील शेडमध्ये मराठी माणूस आहे, कन्नड माणूस आहे, उत्तरेकडून आलेलाही आहे. नोटिसा बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही लावाव्यात, हे तत्त्व १९४८ च्या कारखाने कायद्यातच होते. मग ज्या कागदावर आपली तीन-चार वर्षे बांधली जातात, तो समजणाऱ्या भाषेत मागणे हा हट्ट कसा होईल? मराठी प्रत मागा, कन्नड बांधवांसाठी कन्नड प्रत मागा, आणि दोन्ही एकाच टेबलावर बसून वाचा. ज्या कारखान्यातील मंडळी प्रस्तावाची प्रत आणून देतील, त्याचे मराठी भाषांतर करून शनिवारपर्यंत देण्याची जबाबदारी आम्ही घेतो. हिशेबाला बसायला आमचे कार्यकर्तेही येतील.

रविवारी निकाल कोणताही लागो, सोमवारी सकाळी आपण सर्वजण त्याच गेटमधून आत जाणार आहोत. ‘हो’ म्हणणारा गद्दार नाही आणि ‘नाही’ म्हणणारा माथेफिरू नाही. बापलेकांनी आज रात्री जेवताना तो कागद मधे ठेवावा आणि पहिल्या पानापासून वाचावा. चौथ्या पानावर जरा जास्त वेळ थांबावे, एवढीच विनंती.