मधली पन्नास वर्षं



मला 'करिअर' या विषयावर बोलायला सांगितलंय. त्याऐवजी एका फ्रेंच नटीबद्दल बोलतो, चालेल ना?

एमान्युएल रिवा. जन्म 1927 चा, पूर्व फ्रान्समधल्या व्होज भागातल्या एका खेड्यात. वडील रंगारी, परिस्थिती बेताची. पोरगी शिवणकामाला लागली. हौशी नाटकांत कामं करायची, पण घरच्यांचा नटी होण्याला विरोध. 1953 मध्ये ती पॅरिसला नाटक शिकायला निघाली तेव्हा सव्वीस वर्षांची होती.

आलें रेने या दिग्दर्शकाने तिला 'हिरोशिमा मोनामूर'साठी निवडलं. 1958 साली ती चित्रीकरणासाठी हिरोशिमाला पोचली. अणुबॉम्ब पडून तेरा वर्षं झाली होती. काम सुरू व्हायच्या आधी बाईंनी काय करावं? गळ्यात कॅमेरा अडकवून शहरभर हिंडत फोटो काढले. गल्लीबोळ, दुकानं, आणि पोरंच पोरं! ते फोटो पन्नासेक वर्षांनी पुस्तकात आले, हिरोशिमातच त्यांचं प्रदर्शनही भरलं. समोरचा नट एइजी ओकादा, त्याला फ्रेंचचा गंध नाही. नुसते उच्चार घोकून त्याने संवाद म्हटले. पडद्यावर शंकासुद्धा येत नाही.

1959 मध्ये चित्रपट आला आणि रिवा जगभर गाजली. 1962 मध्ये व्हेनिसला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर मात्र गल्लाभरू चित्रपट तिने नाकारले. नाटकं केली, लहानसहान भूमिका केल्या, कविता लिहिल्या. जग तिला हळूहळू विसरलं.

मग 2012 चा मिखाएल हानेके यांचा 'आमूर'. म्हातारं जोडपं, दोघंही संगीतशिक्षक. सकाळी स्वयंपाकघरात न्याहारी चाललीय आणि बोलता बोलता बायको एकदम थिजते. नवरा हाका मारतो, ओला टॉवेल तिच्या मानेला लावतो, काही नाही. नळ तसाच सोडून तो कपडे करायला आत जातो, आणि तिथं त्याच्या लक्षात येतं, पाण्याचा आवाज थांबलाय. धावत येतो, तर बाई म्हणते, नळ का उघडा टाकलास? मधल्या क्षणांचं तिला काही ठाऊकच नाही. रिवाने त्या दृश्यात डोळ्यांतली ओळख नुसती काढून घेतलीय. पंचविशीतल्या नटीला हे जमलं असतं, असं मला वाटत नाही.

वर्तमानपत्रांनी लिहिलं, 'पुनरागमन'! अहो, पण ती गेली होती कुठे? तुम्ही पाहत नव्हतात, एवढंच.

ऑस्करच्या नामांकनात त्या वर्षी पंच्याऐंशी वर्षांची रिवा आणि नऊ वर्षांची क्वेनझाने वॉलिस एकाच यादीत होत्या. सोहळा 24 फेब्रुवारी 2013 ला, नेमका रिवाच्या शहाऐंशीव्या वाढदिवशी. पुरस्कार बावीस वर्षांच्या जेनिफर लॉरेन्सला मिळाला. दोनच दिवस आधी मायदेशी सेझार हा चित्रपट-पुरस्कार मात्र रिवाने पटकावला होता.

2014 मध्ये ती पॅरिसच्या रंगभूमीवर उभी होती, मार्गरीत द्युरास यांच्या नाटकात. 'हिरोशिमा'ची पटकथा याच बाईंची. जानेवारी 2017 मध्ये रिवा गेली, तोवर काम चालूच होतं.

विंगेत नाटकवाली मंडळी मेकअप करून ताटकळलीत. त्यांना येऊ द्या.